खावटी

काही महिन्यांपूर्वी वेल्समधील एका खाणीच्या गावात बालपण घालवलेल्या वृद्ध गृहस्थांच्या आठवणी आमच्या वाचनात आल्या. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत उतरत असत. संध्याकाळी ते घरी आले की शेगडीपुढे पत्र्याचे मोठे घंगाळ मांडले जाई. आई त्यात कढत पाणी ओती आणि वडिलांची काळी पाठ चोळून काढी. खाणीच्या तोंडाशी कामगारांसाठी न्हाणीघरे बांधली गेली, त्यापूर्वी तिकडे घरोघरी हाच परिपाठ होता. तेवढे वाचले, पुस्तक मिटले आणि आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. वेल्स आम्ही पाहिलेले नाही. कोळशाची खाणही पाहिलेली नाही. परंतु ती पाठ आमच्या ओळखीची होती. आमच्या बाबांच्या पाठीत कोळशाऐवजी कुसळे असत, एवढाच काय तो फरक.

आम्ही कैनाडचे. हे गाव डहाणू तालुक्यात आहे. आमच्या लहानपणी ते ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले. डहाणू म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे समुद्र, सुरूची झाडे आणि चिकूच्या वाड्या येतात. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेकडे निघाले की हळूहळू निराळा मुलूख लागतो. पाड्यापाड्यांची वस्ती, कारवीच्या कुडाची आणि शेणामातीने सारवलेली घरे, पावसाच्या पाण्यावर येणारे भात आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरई. आम्ही वारली. आमचे एक चुलते मिशनच्या शेतीवर कामाला होते. त्यांच्या मागोमाग आमचे घर ख्रिस्ती झाले. तरी नवे भात घरात आले की आजी पहिली मूठ बाजूला ठेवी आणि हळूच कणसरीचे नाव घेई. धान्य ज्याने दिले त्याला ते पोहोचते, असे तिचे म्हणणे. पुढे आम्ही ईशज्ञानाचे पुष्कळ ग्रंथ वाचले. तिच्या या वाक्याला खोडून काढण्याजोगे त्यांत काही सापडले नाही.

आमच्या घरात भात वर्षातून एकदाच पिके आणि वर्षभर मात्र पुरत नसे. आषाढ लागला की आजी कणगीवर बोटाच्या पेराने टकटक करी. कणगी भरलेली असली की आवाज मऊ येई, रिकामी असली की पोकळ येई. तो पोकळ आवाज आम्हा भावंडांना झोपेतही ओळखू येई. मग रानाचा आधार. पहिल्या पावसात शेवळे, पुढे बांबूचे कोवळे वास्ते, टाकळा, ओढ्यातल्या चिंबोऱ्या आणि अगदीच अडचण आली म्हणजे कडूकंद. तो कंद कापायचा, उकडायचा आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, तेव्हा कुठे त्याचा कडवटपणा उतरे. सकाळी ती टोपली आणण्याचे काम बायचे. बाय म्हणजे आमची थोरली बहीण, आमच्याहून तीन वर्षांनी मोठी. ती कंदाचा एक काप आधी स्वतः चाखून पाही. तोंड वाकडे झाले तर टोपली पुन्हा पाण्यात सोडी.

श्रावणाच्या आसपास एके दिवशी बाबा डोक्यावर इरले घेऊन बाहेर पडत. कुठे जातात हे कोणी विचारत नसे. संध्याकाळी परतताना त्यांच्या खांद्यावर तांदळाची गोणी असे आणि अंगठ्याला शाई. ती खावटी.

ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खावटी म्हणजे खाण्यापुरते घेतलेले धान्य. पावसाळ्यात व्यापाऱ्याकडून ते उचलायचे आणि दिवाळीनंतर त्याच्या माळावर गवत कापून फेडायचे. कागदावर हे कर्ज धान्याचे असे, फेड मात्र अंगमेहनतीची. किती धान्य नेले आणि किती गवत कापले म्हणजे ते फिटेल, हे वहीत लिहिलेले असे आणि वही मुनीमजींपाशी असे. आमच्या घरातल्या कोणालाही ती वाचता येत नव्हती.

आजी म्हणे, याहून वाईट दिवस आम्ही काढले. तिच्या तरुणपणी वेठ होती. लग्नासाठी कर्ज घेतलेला गडी बायकोसह सावकाराकडे राबे, त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीसाठी वारली अडून बसले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या हजारो माणसांवर गोळीबार झाला आणि पाच जण मेले. आजी गोदावरी परुळेकरांचा उल्लेख ‘गोदूताई’ असा करी, जणू त्या शेजारच्या पाड्यावर राहत होत्या. पुढे सेमिनरीच्या ग्रंथालयात त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे १९७० सालचे पुस्तक आमच्या हाती लागले. चुलीपाशी ऐकलेली हकीकत छापलेली पाहून आम्हांला प्रथम अभिमान वाटला आणि मग थोडी लाज वाटली. कारण आजी सांगत असे तेव्हा आम्ही ते अर्धवट झोपेत ऐकले होते.

आमच्या लहानपणी वेठ उरली नव्हती. १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदाही झाला. कोणी कोणाला बांधून मारीत नसे. पण कणगी रिकामी होणे थांबले नव्हते, म्हणून खावटीही थांबली नव्हती.

दिवाळीनंतर आमचे सारे बिऱ्हाड माळावर जाई. तिथे गवताचेच खोपट उभे करायचे आणि गवत संपेपर्यंत त्यातच राहायचे. पहाटे दव असताना कापणी सुरू होई, कारण ओले गवत विळ्याला चटकन सापडते आणि कुसळे कमी टोचतात. ऊन चढले की तीच कुसळे सुईसारखी होत. मोठी माणसे ओळीने वाकून कापीत पुढे सरकत. आम्ही मुले मागून पेंढ्या गोळा करून भारे रचीत असू. दुपारनंतर भारे काट्यावर चढत. पुढे वखारीत ते गवत दाबून त्याच्या गाठी बांधल्या जात. गाठी बैलगाडीने डहाणूरोड स्टेशनावर आणि तिथून मालगाडीने मुंबईच्या तबेल्यांकडे जात. मुंबईची पोरे आपल्या गवताचे दूध पितात, असे आजी म्हणायची. आम्ही स्वतः काळा चहा पीत असू. यात काही विसंगत आहे असे तेव्हा आमच्या मनातही आले नाही.

रात्री जेवण झाले की बाबा खोपटापुढे विस्तवाजवळ पालथे पडत. बाय त्यांच्या पाठीतली कुसळे काढी. विस्तवाच्या उजेडात ती बोटांनी चाचपून एकेक कुसळ शोधी, नखांत धरून ओढी आणि आगीत टाकी. ते तडतड वाजे. बाबा काही बोलत नसत. कधी कधी त्यांना मध्येच झोप लागे, तरी बाय काम पुरे करूनच उठे. आम्ही मात्र तिच्या मांडीला टेकून कधीच झोपी गेलेले असू. तिच्या पाठीतली कुसळे कोण काढीत असे, हे आम्हांला आजही आठवत नाही.

बायला मोजण्याचा नाद होता. खोपटाच्या मेढीवर ती कोळशाने रेघा ओढी. एक भारा, एक रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. एका संध्याकाळी काट्यापाशी मुनीमजींनी सात भारे म्हटले. बाय मागून म्हणाली, “सात नाय, नऊ.” ती तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची असेल. मुनीमजी हसले. बाबांनी तिचा दंड चिमटीत धरून तिला मागे ओढले. पण रात्री ते उठले, पेटते लाकूड घेऊन मेढीपाशी गेले आणि रेघांवरून बोट फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी काट्यापाशी ते बायला शेजारी उभी करून थांबले. मुनीमजींनी एक भारा वाढवून लिहिला आणि ती बक्षिसी आहे असे सांगितले. तेव्हापासून मोजणी बायकडे आली. वही मुनीमजींची आणि मेढ आमची, असे बाबा म्हणत.

गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा होती. पाऊस आणि शेणकूट सांभाळून आम्ही दोघे तिला जात असू. दिवाळीनंतर मात्र माळावर गेलो की शाळा सुटे. बायवर घरची लहानमोठी कामे अधिक, त्यामुळे तिची वर्षे वाया गेली आणि आम्ही दोघे एकाच वर्गात आलो. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. गुरे राखणारे मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेनेच कुरणावर जावे, या विचाराने त्यांनी कुरणशाळा चालवली. ते सारे आमच्याच तालुक्यात चालले होते. आमच्या माळापर्यंत मात्र ती शाळा आली नाही. आली असती तर हा लेख कदाचित बायने लिहिला असता.

हे आम्ही विनयाने म्हणत नाही. १९८१ साली आम्ही दोघे चौथी उत्तीर्ण झालो. बायचा पहिला नंबर आला. आमचा तिसरा.

त्या उन्हाळ्यात मिशनचे धर्मगुरू पाड्यावर आले. मुलांसाठी वसतिगृह होते, मुलींसाठीही धर्मभगिनींचे वसतिगृह होते आणि दोन्हीकडे जागा होती. फी जवळजवळ नव्हतीच. कपडे, अंथरूण आणि एक पेटी एवढे घरून न्यायचे. दोघांनाही पाठवा, असे ते म्हणाले. बाबांनी मान हलवली. ते निघून गेल्यावर बाबा आणि आई दोन रात्री हळू आवाजात बोलत राहिले. त्यातले आम्हांला एवढेच ऐकू आले की दोन पेट्या, दोन अंथरुणे, आणि माळावरचे चार हात कमी.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही जागे झालो तेव्हा बाय विळा घेऊन राबासाठी पाला तोडायला निघाली होती. तिला जा असे कोणी सांगितले होते की ती आपणहून गेली, हे आम्हांला ठाऊक नाही. आम्ही विचारले नाही. आम्ही पांघरूण डोक्यावर ओढून घेतले. आमचे वय त्या वेळी अकरा वर्षांचे होते. अकरा वर्षांच्या मुलाला काय कळते, असे म्हणून आम्ही पुष्कळ वर्षे स्वतःची समजूत घातली. पण आम्हांला सारे कळत होते. तिचा नंबर पहिला होता हे आम्हांला ठाऊक होते आणि आपण गप्प राहिलो तर आपणच जाऊ, हेही ठाऊक होते.

त्या वर्षीची खावटी नेहमीपेक्षा मोठी होती. तांदळाच्या गोणीबरोबर बाबांनी एक पत्र्याची पेटी आणली. हिरव्या रंगाची, कडीकोयंड्याची. ती घेऊन आम्ही एसटीत बसलो. पेटीची किंमत मुनीमजींच्या वहीत होती आणि ती फेडली बायने.

वसतिगृहाने आम्हांला पुष्कळ दिले. वेळेवर जेवण, वेळेवर अभ्यास, रविवारची मिस्सा, गायनवृंद, पुस्तकांचे कपाट. आणि एक नवी भाषाही दिली. आमच्या बोलीतले शब्द ऐकून इतर मुले हसत. म्हणून आम्ही पुस्तकातली मराठी पाठ केली. दोन वर्षांत ती आमच्या जिभेवर अशी बसली की आम्ही वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतले. त्याच सुमारास एका रविवारी बाबा आणि बाय आम्हांला भेटायला आले. बायने फडक्यात बांधून भाजलेल्या वालाच्या शेंगा आणल्या होत्या. सोबतची मुले व्हरांड्यात उभी होती. बायने आमच्या बोलीत काहीतरी विचारले. बहुधा, पोटभर मिळते का. मागे कोणीतरी तिची नक्कल केली. आम्ही तिला उत्तर दिले ते पुस्तकी मराठीत, जरा मोठ्याने, मुलांना ऐकू जाईल असे. ती आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिने फडके आमच्या हातात दिले आणि पुन्हा काही विचारले नाही. त्या शेंगा आम्ही मुलांत वाटून टाकल्या.

पुढची हकीकत आमच्यासारख्या अनेक धर्मगुरूंची आहे, ती विस्ताराने सांगत नाही. दहावीनंतर पाचारणाची ओढ पक्की झाली आणि आम्ही गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत दाखल झालो. आम्ही परत येत नाही असे दिसल्यावर बाबांना शेतीसाठी हात हवे होते. त्यांनी बायसाठी घरजावई पाहिला. भावोजी भला माणूस. बाय माहेरातच राहिली, म्हणजे कामातच राहिली.

१९९८ साली वसई धर्मप्रांताची स्थापना झाली आणि त्याच वर्षी आम्हांला गुरुदीक्षा मिळाली. पहिली कृतज्ञतेची मिस्सा आम्ही कैनाडला आमच्या पाड्यावर अर्पण केली. मांडव घातला होता, तारपा वाजत होता, लांबलांबून माणसे आली होती. मिस्सेच्या शेवटी आभाराचे भाषण करायचे असते. आम्ही कागदावर यादी केली होती. महागुरुस्वामी, सेमिनरीतील प्राध्यापक, वसतिगृहाचे धर्मगुरू, शिक्षक, धर्मग्रामातील मंडळी, आईबाबा, स्वर्गवासी आजी. गायनवृंदाच्या पेटीवाल्याचेही नाव त्या यादीत होते. बायचे नव्हते. मुद्दाम वगळले असते तर निदान तिची आठवण तरी झाली असे म्हणता आले असते. ती त्या वेळी मांडवामागे तीन दगडांच्या चुलीवर दोनशे माणसांचा भात शिजवीत होती.

त्यानंतर वीस वर्षे आम्ही निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा केली. कैनाडला जाणे होई, पण पाहुण्यासारखे. दरम्यान तिकडे पुष्कळ बदलले. गवताचे माळ कमी झाले. १९९५ साली डहाणूत औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. पाड्यावरची तरुण पोरे कारखान्यांत आणि वाड्यांत कामाला जाऊ लागली. २०१३ साली मुंबईची लोकल डहाणूरोडपर्यंत आली. बायची मुलगी बारावी झाली आणि परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागली. आम्ही तिच्या फीसाठी काही रक्कम पुढे केली. बायने ती मुकाट्याने घेतली. वर्षभराने तेवढेच पैसे, त्याच पाकिटात, तिने आमच्या हाती परत दिले. आम्ही रागावलो तर म्हणाली, मोजून घे.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. वृत्तपत्रांत धुंदलवाडीचे नाव वारंवार येऊ लागले. लोक रात्री घराबाहेर झोपू लागले. २०१९ च्या मार्चमध्ये, उपवासकाळाच्या चौथ्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात, आम्ही बायकडे मुक्कामाला गेलो. त्या रविवारचे शुभवर्तमान उधळ्या पुत्राचे होते आणि प्रवचनाची तयारी तिथेच करावी असा विचार होता.

अंगणात ताडपत्री ताणली होती. खाली खाटा होत्या. बायच्या खाटेजवळ आमची ती हिरवी पेटी होती. रंग उडालेला, कडी बदललेली. आम्ही सेमिनरीत जाताना ती घरी टाकून गेलो होतो. भूकंपाच्या भीतीने घरातली एकच वस्तू तिने बाहेर काढली होती, ती ही. आत काय आहे असे विचारल्यावर तिने उघडून दाखवली. वनहक्काच्या दाव्याचे कागद होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे वनजमिनीचा हक्क पतिपत्नी दोघांच्या नावे मिळतो. तिने कचेरीचे कित्येक हेलपाटे घालून तो मिळवला होता. कागद आमच्या हाती देऊन ती म्हणाली, क्षेत्र वाच. आम्ही वाचले. ती म्हणाली, कमी लावले आहे, मी पावलांनी मोजले आहे, पुन्हा अर्ज केला आहे. बायची अक्षरे सरावाअभावी कधीच गेली. मोजणे राहिले.

रात्री ताडपत्रीखाली बसून आम्ही प्रवचनाची टिपणे काढू लागलो. उधळ्या पुत्रावर आम्ही तोवर निदान पंधरा-वीस वेळा बोललो असू. दर वेळी धाकट्या मुलाचे परत येणे, बापाचे धावत जाणे, मिठी आणि मेजवानी. थोरला मुलगा शेतावरून आला आणि रुसला, एवढ्यावर आम्ही त्याला सोडून देत असू. त्याचे मन कोते, असे सांगून. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात तोच उतारा उघडला आणि आम्हांला प्रथमच दिसले की दाखल्यात मेजवानी सुरू झाली तेव्हा थोरला शेतावर होता. त्याला कोणी बोलावणे पाठवले नव्हते. वाद्ये ऐकू आली तेव्हा त्याने चाकराला विचारले. आम्ही मान वर केली. समोर बाय तांदूळ निवडत होती.

आम्ही वही मिटली आणि विचारले, चौथीचा निकाल लागला ते साल तुला आठवते का.

तिने सुपातले खडे बाजूला केले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “माझा पयला नंबर होता.”

एवढेच. आवाजात राग नव्हता. सात नव्हे, नऊ, असे सांगावे तसे तिने सांगितले. आम्ही अडतीस वर्षांनी क्षमा मागितली. शब्द नीट जुळले नाहीत. प्रवचनपीठावरून इतकी वर्षे बोलणाऱ्या माणसाला घरच्या अंगणात बोलता आले नाही. आमचे सारे शिक्षण म्हणजे तुझ्याकडून उचललेली खावटी आहे आणि ती आम्ही कधी फेडली नाही, असे काहीसे आम्ही म्हणालो.

ती म्हणाली, “घरात खाल्लं त्याला खावटी नाय म्हणत.” मग सूप खाली ठेवून म्हणाली, “पण विचारायला लय उशीर केलास.”

दोन्ही वाक्ये खरी आहेत. पहिल्याने आम्हांला मोकळे केले आणि दुसऱ्याने पुन्हा बांधून घेतले. वाचकहो, पापनिवेदनाच्या आसनावर बसून आम्ही असंख्य लोकांना क्षमेचे वचन ऐकवले आहे. परंतु क्षमा मिळाली म्हणजे हिशेब पुसला जातो असे नाही. तो आता प्रेमाने लक्षात ठेवायचा असतो, हे त्या रात्री आम्ही शिकलो.

पहाटेच्या सुमारास एक धक्का बसला. भांडी खणखणली, कुत्री भुंकली. बाय उठली, चुलीतला कोळसा घेतला आणि घराच्या भिंतीवर एक रेघ ओढली. तिथे आधीच्या रेघा होत्या. चार उभ्या, पाचवी आडवी, अशा कितीतरी जुड्या. एवढे मोजून काय करणार, असे आम्ही विचारले. कोणी विचारले तर सांगता यायला हवे, असे ती म्हणाली.

त्या रविवारी आम्ही प्रवचनात थोरल्या मुलाबद्दल बोललो. मिस्सेनंतर एक वृद्ध बाई आमच्यापाशी आली आणि काही न बोलता आमचा हात धरून उभी राहिली. तिच्या घरी कोण शिकले आणि कोण राहिले, हे आम्ही विचारले नाही. आपल्या धर्मग्रामांत अशी घरे पुष्कळ आहेत. कोणी धर्मगुरू झाला, कोणी धर्मभगिनी, कोणी मुंबईत साहेब, कोणी परदेशी. त्यांची छायाचित्रे दिवाणखान्यात लावलेली असतात. ज्यांच्या हातांवर ते उभे राहिले त्यांची छायाचित्रे बहुधा नसतात. कारण ती माणसे त्या वेळी स्वयंपाकघरात असतात, किंवा शेतात.

शासनाने १९७८ साली आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना सुरू केली होती. कोविडच्या काळात, २०२० साली, ते कर्ज न ठेवता अनुदान केले गेले. कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्मे धान्य-वस्तूंच्या रूपात. बायच्या घरी ते पोहोचले तेव्हा तिने आम्हांला फोन केला. मागायला कोणी येणार नाही अशी खावटी पहिल्यांदाच पाहिली, असे म्हणून ती हसली. डाळ आणि तेल मोजून घेतलेस का, असे आम्ही विचारले. हे काय विचारणे झाले, असे ती म्हणाली.

हा लेख बायला वाचता येणार नाही. अंक आला की आम्ही तो घेऊन कैनाडला जाणार आहोत आणि अंगणात बसून तिला वाचून दाखवणार आहोत. जसा लिहिला आहे तसा नव्हे, आमच्या बोलीत. व्हरांड्यात उभे राहून जी आम्ही एकदा टाकून दिली त्या बोलीत. तिचे पुष्कळ शब्द आता आमच्यापाशी उरलेले नाहीत. गवताच्या जातींची नावे तर साफ गेली. अडले की बायलाच विचारावे लागेल.